‘स्ट्रोक न बघता टायमिंग कसं लावता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

छोट्या एटीव्हीच्या (चार जाड चाकांच्या, कच्च्या वाटेवरच्या गाडीच्या) टायमिंगवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ पिस्टनशी जुळवण्यावर, मी लिहिलेलं तुम्हाला ‘अर्धवट आणि धोकादायक’ वाटलं. तुमचे आक्षेप गॅरेजांतून नेहमी ऐकू येतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. पहिला आक्षेप : मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची) ‘टी’ खूण लावून थेट कॅम स्प्रॉकेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दातेरी चाकाची) खूण जुळवायला सांगणं चूक आहे, पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर हे आधी बघितलं नाही तर टायमिंग ‘एकशेऐंशी’ने चुकतं. दुसरा : न उघडलेल्या इंजिनाचं टायमिंग हलत नाही, आधी सीडीआय (प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलावा. तिसरा : टॅपेटला (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधल्या फटीला) फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावणं हा पुस्तकी प्रकार आहे, हाताला कळतं. शिवाय तुमची स्वतःची गाडी : ११० सीसी, किनाऱ्यावर भाड्याने फिरणारी. पावसाळ्याआधी सेल्फचा वनवे (एकाच दिशेने पकडणारा क्लच) बदलला, मग चार महिने उभी. आता सेल्फ फिरतो, करंट (प्लगची ठिणगी) आहे, पण कार्ब्युरेटरमधून एखादी खोक येते आणि सेल्फ ‘खट्’ करून उलटा झटका खातो.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करू. टायमिंग चेन निघालेली असताना क्रँकला स्ट्रोक नसतो. पिस्टन वर आला एवढंच क्रँकला कळतं. ते वर येणं कॉम्प्रेशनचं की एक्झॉस्टचं हे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि व्हॉल्व्ह कॅमच्या हातात असतात. ‘टी’ केसवरच्या खाचेसमोर आणून कॅम स्प्रॉकेटची गोल खूण हेडच्या खाचेला लावलीत की ते कॉम्प्रेशनचं टीडीसी (पिस्टनची सर्वात वरची जागा) झालं. वेगळं शोधायला काही उरत नाही. समजा कॅम बरोबर अर्धा फेरा फिरलेला बसला आणि खूण खाचेच्या नेमकी विरुद्ध आली, तरी बिघडत नाही. कॅमचे १८० अंश म्हणजे क्रँकचे ३६० अंश. क्रँक एक फेरा फिरवला की खूण आपोआप खाचेवर येते.

आता करंट. या आडव्या, होंडा घराण्याच्या इंजिनांत पिकअप कॉइलला (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या कॉइलला) इशारा मॅग्नेटवरच्या उंचवट्यातून मिळतो आणि मॅग्नेट क्रँकवर असतो. म्हणजे प्लग प्रत्येक फेऱ्याला पेटतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसरा करंट वाया जातो, पण त्यामुळेच इथे ‘एकशेऐंशी’ची चूक होऊ शकत नाही. ही भीती मुळात डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांची आहे. ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनीत डिस्ट्रिब्युटर उलटा बसला तर करंट एक्झॉस्ट स्ट्रोकवर पडायचा आणि गाडी चालू व्हायची नाही. तिथला नियम इथे लागू नाही.

स्ट्रोक बघावा लागतो तो टॅपेट लावताना. तेव्हा ‘टी’ खाचेसमोर असली पाहिजे आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) हाताने किंचित हलले पाहिजेत. एखादा रॉकर दाबलेला असेल तर क्रँक एक फेरा पुढे घ्या. यात आपलं दुमत नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेत जे आलेलंच नाही, तेच तुमच्या गाडीचं दुखणं असावं : ‘टी’ खूण स्वतः खरी आहे का?

मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो. फिरवण्याचा जोर तो निमुळता भाग आणि नट सांभाळतात. अर्धचंद्राच्या चावीचं (क्रँकच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या धातूच्या तुकड्याचं) काम मॅग्नेट कुठे बसायचा एवढं दाखवण्याचं. वनवे बदलताना मॅग्नेट काढावाच लागतो, त्यामुळे ‘इंजिन उघडलेलं नाही’ हे तुमच्या गाडीबाबत पूर्ण खरं नाही. बसवताना त्या निमुळत्या भागावर तेल राहिलं किंवा नट नुसत्या अंदाजाने आवळला, तर सगळा जोर चावीवर येतो. या इंजिनांत सेल्फ वनवेमार्फत मॅग्नेटला फिरवतो आणि मॅग्नेट क्रँकला. चावी कापली गेली की सेल्फच्या जोराने मॅग्नेट क्रँकच्या पुढे सरकतो, मग पिकअपचा इशारा लवकर येतो आणि पिस्टन वर चढत असतानाच मिश्रण पेटतं. सेल्फचा उलटा झटका म्हणजे हेच. मॅग्नेट मागे सरकला असेल, तर करंट उशिरा पडतो. तेव्हा झटका नसतो, गाडी नुसती फिरत राहते आणि सायलेन्सरमधून फटाके वाजतात. कोणत्या बाजूला सरकला याचा अंदाज असा लक्षणावरूनच येतो.

अशा खोट्या ‘टी’वर कोणी टायमिंग चेन काढून पुन्हा लावली, तर करंट आधीच चुकलेला असतो, त्यात कॅमही चुकतो. कॅम स्प्रॉकेट २८ दातांचं असेल तर एक दात म्हणजे कॅमचे जवळजवळ १३ अंश, क्रँकचे २६. मॅग्नेट २० अंश सरकलेला असला तर जवळपास एका दाताचा फरक पडतो, आणि बघणाऱ्याला सगळ्या खुणा जुळलेल्या दिसतात. म्हणून आधी ‘टी’ची परीक्षा, मग चेन.

ही परीक्षा अशी करतात. प्लग काढा. जुन्या प्लगचं पोर्सिलीन काढून त्यात एक बोल्ट पक्का बसवा, टोक घासून गोल करा, आणि हा अडथळा प्लगच्या जागी लावा. पिस्टन पूर्ण वर येण्याआधी त्याला टेकून थांबला पाहिजे. हे दोन्ही रॉकर मोकळे असताना, म्हणजे कॉम्प्रेशनच्या बाजूलाच करा, नाहीतर उघड्या व्हॉल्व्हला बोल्ट लागू शकतो. मॅग्नेटच्या नटावर गोटी पाना लावून हाताने फिरवा, सेल्फने अजिबात नाही. डावीकडून पाहिल्यास इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पिस्टन टेकला की केसवरच्या खाचेसमोर मॅग्नेटवर मार्करने रेघ मारा. मग दुसऱ्या दिशेने पुन्हा टेकेपर्यंत फिरवा आणि दुसरी रेघ मारा. उलट फिरवताना वनवे पकडतो आणि सेल्फची मोटरही फिरवावी लागते, त्यामुळे जड लागेल. झटके देऊ नका, हवं तर सेल्फ मोटर काढून ठेवा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरं टीडीसी असतं. ‘टी’ तिथेच असेल तर चावी शाबूत आहे. स्क्रू ड्रायव्हर किंवा सळई प्लगच्या भोकात घालून ‘वर आला’ म्हणणं पुरेसं नाही, कारण टीडीसीजवळ क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन हललेला कळत नाही.

फरक मोजायला मॅग्नेटच्या कडेचा परीघ घ्या आणि ३६० ने भागा. ११० मिमी व्यासाला परीघ सुमारे ३४५ मिमी येतो, म्हणजे एक मिलिमीटरला साधारण एक अंश. दोनतीन मिलिमीटरचा फरक मार्करच्या रेघेचाही असू शकतो. दहाच्या पुढे गेला तर मॅग्नेट काढायचा. काही इंजिनांत स्टेटर (मॅग्नेटच्या आतल्या स्थिर कॉइलचा संच) डाव्या कव्हरात असतो आणि खूण कव्हरच्या खिडकीतून बघायची असते. तिथे कव्हर न काढता कव्हरवरची दोन्ही टोपणं (नटासमोरचं आणि खुणेसमोरचं) उघडून हे काम करा, कव्हर निघालं की संदर्भाची खूणही जाते.

मॅग्नेट पुलरनेच काढा. या जातीच्या इंजिनांना बहुधा २७ मिमीचा पुलर लागतो, पण आटे मोजून घ्या. हातोडीने ठोकलात तर चुंबकं सुटतात. नवी चावी बसवताना दोन्ही निमुळते भाग पेट्रोलने पुसून कोरडे करा, तिथे ग्रीस नको. चावीची खाच रुंद झाली असेल तर नवी चावीही टिकणार नाही. नट टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा.

दुसऱ्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे : न उघडलेल्या इंजिनाची टायमिंग चेन सहसा दात सोडत नाही. सोडते तेव्हा बहुतेकदा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) अडकलेला असतो किंवा रोलरचं रबर झिजलेलं असतं, आणि त्याआधी डाव्या बाजूने खडखड ऐकू येत असते. पण सीडीआय बदलायची घाई का? करंट दिसतो आहे, म्हणजे सीडीआय पेटवतो आहे. या गाड्यांत एसी (मॅग्नेटच्या करंटवर चालणारा) आणि डीसी (बॅटरीवर चालणारा) असे दोन वेगळे सीडीआय येतात. कनेक्टर बसला म्हणजे जात तीच असं नाही, आणि चुकीच्या जातीचा लावला की आहे तो करंटही जातो. पिकअप आणि मॅग्नेटच्या उंचवट्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट हवी. समुद्राकाठच्या गाड्यांत दोन्ही टोकांवर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढा.

कॉम्प्रेशन मोजलंत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. या प्लगचे आटे १० मिमीचे असतात, त्यामुळे गेजला तसा ॲडॅप्टर लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ पाचसात फेरे फिरवा. १२० पीएसआयच्या वर आलं तर चेनला हात लावण्याची घाई नको. ९० च्या खाली आलं तर टॅपेटची फट आधी बघा.

इथे तिसरा आक्षेप. थंड इंजिनावर दोन्ही व्हॉल्व्हना फट हवी ०.०५ मिमी. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. रॉकर हलवून ‘आहे थोडी फट’ एवढं हाताला कळतं, पण ०.०५ आणि ०.१० मधला फरक कळत नाही. फट शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि मिस्त्री चेन उघडायला घेतो. स्प्लेंडरवर वर्षानुवर्षं काम केलेला हात हे अंदाजाने जमवतो, मान्य. तेही याच आडव्या होंडा घराण्याचं इंजिन. पण दीडदोनशे रुपयांचं गेज असताना अंदाजावर का जायचं?

चेन काढावीच लागली, तर टेन्शनरचा खालचा १४ चा बोल्ट काढून स्प्रिंग मोकळी करा. थोडं ऑइल येईल. बसवताना चेनची खालची बाजू ताणलेली ठेवा, कारण क्रँक तीच ओढतो. मग हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. मध्येच कडक अडलं तर थांबा, जोर लावलात तर व्हॉल्व्ह वाकेल.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा ठेवेन. आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल चार महिने दमट हवेत राहिलं तर तळाला पाणी साचतं, आणि कार्ब्युरेटरची खोक त्यानेही येते. मग अडथळा लावून ‘टी’ची परीक्षा, मग टॅपेट, मग कॉम्प्रेशन. करंट तपासताना किल स्विचची वायर काढली असेल तर ती परत जोडल्याशिवाय गाडी चालू करून बघू नका. मुलांच्या गाडीत मागची दोरीची कळसुद्धा (दोरी ओढली की गाडी बंद करणारी) त्याच वायरवर असते. दोन रेघांमधलं अंतर, परीघ आणि कॉम्प्रेशनचा आकडा इथेच खाली लिहा, म्हणजे मॅग्नेट किती अंश सरकला आहे ते काढता येईल.