भर दुपारचे उड्डाण आणि चित्रफितीतली रात्र

ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हापासून एक लांबलचक मजकूर रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून फिरतो आहे. हे सगळे उड्डाण स्टुडिओत रचलेला बनाव आहे, असा त्याचा दावा असून त्यासाठी एकामागून एक ‘पुरावे’ दिलेले आहेत. लिहिणाऱ्याने प्रक्षेपण लक्ष देऊन पाहिले होते हे मान्य करायला हवे, कारण त्याने टिपलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. चुकले आहेत ते त्यांवरून काढलेले निष्कर्ष. किंबहुना ज्या विसंगतींवर त्याने बोट ठेवले आहे, त्यांतल्या बऱ्याचशा कक्षेत खरोखर जाणाऱ्या यानाला टाळताच येत नाहीत.

सर्वांत सोपा मुद्दा आधी हातावेगळा करतो. उड्डाण दुपारी १२ वाजून १ मिनिटाने झाले म्हणतात आणि चित्रफितीत तर मिट्ट काळोख आहे, हे कसे, असा प्रश्न त्यात विचारला आहे. रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले नव्हते; ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या केनेडी अंतराळ केंद्राच्या ३९-ए या तळावरून उडाले. जूनमध्ये तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे त्या वेळी तिथे रात्रीचे २ वाजून ३१ मिनिटे झाली होती. मस्कतला किंवा दुबईला नोकरीस असलेल्या मुलाला फोन करण्याआधी तिथे किती वाजले असतील याचा हिशेब करणारी घरे कोकणात गावोगावी आहेत, तेव्हा या मुद्द्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. १५ जुलैला हेच यान दुपारी तीनच्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले, तेव्हाही चित्रात रात्रच होती आणि कारणही तेच होते.

दुसरा मुद्दा वारंवार पुढे ढकललेल्या तारखांचा आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. आधी २९ मे, मग ८ जून, १०, ११, १९, २२ अशा तारखा येत गेल्या आणि दर वेळी नवे कारण पुढे आले. त्यावरून उत्सुकता ताणण्यासाठी किंवा मुहूर्त साधण्यासाठी हा खेळ चालला होता, असे मजकूर सांगतो. कारणे निरनिराळी होती, कारण अडचणीही निरनिराळ्या ठिकाणी उद्भवल्या होत्या. १० तारखेचे उड्डाण रॉकेटच्या मार्गातील जोरदार वाऱ्यांमुळे थांबले. इंजिनांच्या चाचणीनंतर केलेल्या तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, म्हणून ११ तारीख गेली. त्यानंतर अडचण रॉकेटची राहिलीच नाही. स्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन विभागाच्या मागच्या भागातून बरीच वर्षे हवा झिरपत होती आणि तिथल्या दुरुस्तीनंतर दाब कसा राहतो हे पाहून घेईपर्यंत पाहुणे नकोत, असे नासाने ठरवले. चार माणसे बसवलेल्या रॉकेटमधून ऑक्सिजन गळतो आहे हे कळूनही ते ठरल्या दिवशीच उडवले असते, तर मात्र संशय घेणे योग्य ठरले असते. मुहूर्ताविषयी बोलायचे, तर अखेर उड्डाण झाले ते ज्येष्ठ अमावास्येच्या दिवशी. कोकणातला कोणता भटजी हा दिवस काढून देईल, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनीच सांगावे.

या तारखांमध्ये मजकूरकर्त्याच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट आहे आणि आमच्यासारख्या हौशी आकाशनिरीक्षक मंडळींना तीच सर्वांत मोलाची वाटते. १० जूनला उड्डाणाची भारतीय वेळ संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटे होती, ११ जूनला ती ५ वाजून ३० मिनिटे झाली आणि २५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिट. ११ ते २५ या चौदा दिवसांत वेळ ५ तास २९ मिनिटांनी अलीकडे आली, म्हणजे दररोज साधारण साडेतेवीस मिनिटांनी. हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना प्रक्षेपणतळ त्या कक्षेच्या प्रतलाखाली येतो, नेमक्या त्याच क्षणी रॉकेट सोडावे लागते, कारण वर गेल्यावर प्रतल बदलण्याइतके इंधन यानाजवळ नसते. ताऱ्यांच्या संदर्भाने पृथ्वीची एक फेरी चोवीस तासांना चार मिनिटे कमी असतानाच पूर्ण होते. शिवाय पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेचे प्रतल दररोज सुमारे पाच अंशांनी पश्चिमेकडे सरकते आणि त्याची आणखी वीस मिनिटे होतात. दोन्हींची बेरीज कागदावर कुणालाही करता येईल. उद्याचे उड्डाण रद्द झाले तर परवा ते किती वाजता होईल, हे घोषणा होण्याआधीच आम्ही आपसांत सांगत होतो ते याच हिशेबाने. लोकांना भुलवण्यासाठीच सगळे रचायचे असते, तर भारतात घरोघरी दूरदर्शन संच चालू असतात ती संध्याकाळची वेळ सोडून, लोक कामाधंद्यावर असतात अशा बुधवारच्या भर दुपारी उड्डाण आणून ठेवण्याचे काही कारण नव्हते.

तिसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त फिरला. स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईहून जवळपास कणकवलीइतके. कोकणकन्या एक्स्प्रेस एका रात्रीत तिथे पोहोचवते, मग ताशी हजारो किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यानाला २८ तास कशाला लागले, असा तो प्रश्न आहे. कणकवली जागची हलत नाही, स्थानक हलते, हे यातले पहिले उत्तर. ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती फिरत असते आणि साधारण ९३ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. शुक्ला ज्या ड्रॅगन यानात होते, ते जमीन सोडल्यापासून दहा मिनिटांच्या आत कक्षेत पोहोचलेही होते. म्हणजे उंची गाठण्याचे काम चहा निवण्याआधीच झाले. उरलेला सगळा वेळ स्थानकाला गाठण्यात गेला.

हे गाठणे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण इथे रोजच्या अनुभवाचे नियम उलटे वाटतात. सुरुवातीला यान सुमारे २०० किलोमीटर उंचीच्या, स्थानकापेक्षा खालच्या कक्षेत असते. कक्षा जितकी खालची, तितकी फेरी लवकर संपते. २०० किलोमीटरवर ती साधारण ८८ मिनिटांत पूर्ण होते. त्यामुळे मागे राहिलेले यान प्रत्येक फेरीत स्थानकाच्या तुलनेत चारेक मिनिटे मिळवत जाते, आणि अंतर कमी होईल तसतशी, ठरलेल्या वेळी इंजिने थोडा वेळ चालवून आपली कक्षा उंचावत नेते. उड्डाणाच्या क्षणी स्थानक कक्षेत नेमके कुठे आहे यावर हा पाठलाग किती लांबणार ते अवलंबून असते. परिस्थिती जुळवून आणली तर तो आटोपशीरही होतो: ऑक्टोबर २०२० मध्ये रशियाच्या सोयूझ एमएस-१७ या यानाने तीन तासांच्या आसपास स्थानक गाठले होते. या खेपेस मात्र २६ जूनला दुपारी चारच्या सुमारास यान हार्मनी या विभागाला जोडले जाईपर्यंत स्थानकाच्या अठरा फेऱ्या झाल्या होत्या. इतक्या वेळात कापलेले अंतर साडेसात लाख किलोमीटरांहून अधिक भरते. दोघांचाही वेग ताशी २७ हजारांच्या पुढे असताना शेवटी एकमेकांच्या जवळ येण्याचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर इतकाच ठेवायचा असतो, आणि तिथे घाई कुणालाच परवडत नाही.

रॉकेट सरळ वर न जाता वळून समुद्राकडे खाली पडताना दिसते, हा चौथा मुद्दा. ते वळते हे खरे आहे आणि वळलेच पाहिजे. नुसते ४०० किलोमीटर वर जाऊन थांबलेली वस्तू परत खालीच येणार. वर टिकून राहायचे तर आडव्या दिशेने सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेग लागतो. म्हणून पहिल्याच मिनिटापासून रॉकेट तिरपे होऊ लागते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, ईशान्येकडे झेपावते. दूर जाणारी वस्तू उंची वाढत असतानाही क्षितिजाकडे कललेली का दिसते, हे मिरकरवाडा बंदरात उभे राहून बाहेर जाणाऱ्या ट्रॉलरचे आधी धड आणि मग डोलकाठी दिसेनाशी होताना पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. याशिवाय त्या रात्री खरोखरच काही खाली आले होते: रॉकेटचा पहिला टप्पा अडीच मिनिटांनंतर सुटा झाला आणि परत वळून केप कॅनव्हेरलच्याच जमिनीवर उभा उतरला.

माणसे तरंगतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही. मग पृथ्वी स्थानकाला धरून कशी ठेवते, असे पुढे विचारले आहे. गुरुत्वाकर्षण तिथे आहेच, आणि जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के आहे. स्थानक, आतली माणसे आणि त्यांचे सामान हे सगळे एकाच वेगाने सतत पडत असतात, पण आडव्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत राहतात. एकत्र पडणाऱ्या वस्तूंचा एकमेकींवर भार पडत नाही, म्हणून त्या तरंगतात. उड्डाणाच्या दिवशी बाहेर पाऊस पत्र्यावर धडधडत होता, वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती आणि आम्ही सहा-सात जण एका मोबाइलच्या पडद्यावर डोके घालून बसलो होतो. ‘जॉय’ नावाचे हंसाचे मऊ खेळणे अंतराळवीरांसमोर दोरीने बांधलेले होते. वरच्या टप्प्याचे इंजिन चालू होते तोवर ते दोरीला ताण देऊन लटकले होते. इंजिन बंद झाले त्या क्षणी दोरी सैल पडली आणि हंस हळूहळू स्वतःभोवती फिरू लागला. उंची त्या क्षणी बदललेली नव्हती, फक्त धक्का थांबला होता. गुरुत्वाकर्षण नाहीसे झाल्यामुळे माणसे तरंगतात, ही समजूत तेवढ्या एका दृश्यानेही दूर व्हायला हरकत नाही.

मधूनमधून चित्र तुटते, या आक्षेपात फारसे काही नाही. स्थानकाचा संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत जमिनीवर येतो आणि एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना तो काही वेळ खंडित होतो. गाड्या बोगद्यांतून जाताना फोन तुटण्याची सवय असलेल्यांनी त्यात कारस्थान पाहू नये.

शेवटचा पुरावा कोकणातच गोळा केलेला आहे: जूनच्या अखेरीस रात्री बारा वाजता गच्चीवर जाऊन पाहिले, स्थानक कुठेही दिसले नाही. ते दिसणारच नव्हते, आणि त्याला आषाढाचे ढग हे एकच कारण नाही. स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. ते सूर्यप्रकाशात चमकते. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण दीड तासात डोक्यावरचे ४०० किलोमीटर उंचीपर्यंतचे आकाश पृथ्वीच्या सावलीत जाते, त्यामुळे मध्यरात्री आकाश निरभ्र असले तरी स्थानक डोक्यावरून न दिसताच निघून जाते. ते पाहायचे तर संध्याकाळी काळोख पडता पडता किंवा पहाटे उजाडण्याआधी पाहावे लागते. पाऊस सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, देवगड किंवा राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यावर उभे राहिले की चारही बाजूंचे क्षितिज मोकळे मिळते. ठरलेल्या मिनिटाला समुद्राच्या बाजूने एक पांढरा ठिपका वर येतो. तो विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज करत नाही, चढता चढता गुरू ग्रहापेक्षाही तेजस्वी होतो आणि डोंगराच्या बाजूला उतरत असताना, क्षितिज बरेच दूर असतानाच, किंचित तांबूस होऊन काही सेकंदांत विझतो. तिथे तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. हा सगळा प्रवास पाच-सहा मिनिटांचा असतो आणि त्याची वेळ व दिशा आपल्या गावासाठी आधीच काढून मिळते. एका ओळीत जाणारे अनेक दिवे दिसले तर ते स्टारलिंकचे उपग्रह असतात. दोन्हींची गल्लत अनेकदा होते.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर कान आहेत. शुक्लांनी जुलैमध्ये भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या बिनतारी संचावरून, संवाद साधला. स्थानकावरून येणारा आवाज त्यासाठी १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो, आणि ते क्षितिजाच्या वर असलेल्या दहाएक मिनिटांत तो थेट ऐकू येतो, मध्ये कोणत्याही वाहिनीची गरज पडत नाही. ठिपका पुढे सरकेल तशी लहर थोडी वर-खाली लावून घ्यावी लागते, आणि फिरत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरीबाबत ते तसेच व्हायला हवे.

मजकुराच्या तळाशी पैशांविषयीचे एक वाक्य आहे, आणि ते मला बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त रास्त वाटते. अ‍ॅक्सियम या खासगी कंपनीच्या मोहिमेतील एका जागेसाठी भारताने सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केल्याचे प्रसिद्ध झाले आहे. रस्त्यांची आणि दवाखान्यांची अवस्था पाहता ही रक्कम लहान नाही. तिच्या बदल्यात भारतीय संस्थांचे सात प्रयोग वर गेले, त्यांत मूग आणि मेथीला मोड आणण्याचाही एक होता, आणि गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी उड्डाणासाठी निवडलेल्या चौघांपैकी एकाला प्रत्यक्ष उड्डाणाचा, स्थानकावर राहण्याचा आणि परतण्याचा अनुभव मिळाला. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोयूझ टी-११ मधून सॅल्यूट-७ स्थानकावर जाऊन आले, पण त्यांचा अनुभव ज्यात वापरावा असा मानवी उड्डाणाचा कार्यक्रम तेव्हा देशात नव्हता, आणि पुढच्या भारतीय नागरिकाला कक्षेत जायला एक्केचाळीस वर्षे लागली. या वेळी तो कार्यक्रम आहे. शुक्लांच्या अनुभवाचे मोल श्रीहरिकोट्याहून माणसे घेऊन गगनयान उडेल तेव्हा ठरेल; तोवर ५५० कोटी जास्त झाले असे कुणी म्हटले, तर त्याच्याशी माझा वाद नाही.