ओल्या फडक्याचं श्रेय

काका, नमस्कार. जुनी फियाट बंद पडण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: फियाट तापून बंद पडते ती पेट्रोलची वाफ झाल्यामुळं, इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं की दहा मिनिटांत चालू होते, पस्तीस वर्षं तुम्ही हेच करताय, आणि मी कॉइलचं (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) खूळ काढून लोकांना खर्चात घातलं. शिवाय पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) गॅप काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं लावायला सांगणं हा अडाणीपणा. आणि सेल्फ जड फिरला की बॅटरी बदलावी, मीटर कशाला?

पुठ्ठ्याचं आधी मान्य करतो. चुकलंच. वाटेत अडकल्यावर घर गाठण्यापुरता तो उपाय, मी रीतसर पद्धत म्हणून लिहून गेलो. पुठ्ठा दाबला जातो, माप राहत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलच्या कुठल्याही दुकानात मिळतं. गॅप साधारण 0.45 मिलिमीटर. पॉइंटला एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल, तर गेजही फसतं. तेव्हा पॉइंटच बदलायचे. लेखात दुरुस्ती करतो.

फडक्याबाबत मात्र मी अडून बसणार. वाफ होते, हे खरं. पंप इंजिनालाच बसवलेला, त्यात एप्रिलात पन्हाळ्याचा चढ. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यानं जुन्या पंपाचा रबरी पडदाही खराब होतो. (इथेनॉल आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडं करायची?) पण फडकं भिजवून पंपावर टाकून तुम्ही कडेला बसता, तेवढ्या वेळात कॉइलही निवते. कॉइलच्या आतल्या तारेचं इन्सुलेशन दुबळं झालं असलं, की तापल्यावर करंट आतल्या आत गळतो आणि निवल्यावर परत सगळं ठीक. दोन्ही दुखणी थंड झाल्यावर आपोआप बरी होतात. नाव होतं फडक्याचं.

मीही त्यातलाच. माझी पद्मिनी, म्हणजे फियाटच, 1984 सालची. गेल्या मे महिन्यात पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या चढाला बंद पडली. फडकं टाकलं, चालू झाली. आठवड्यानं परत तेच. पंपाचं किट बदललं, तरी तेच. तिसऱ्यांदा मात्र बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडलं आणि आधी करंट बघितला. डिकीत जादा प्लग होता, तो प्लगच्या वायरीत खोवला, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवून वायर रबरी मुठीच्या पकडीत धरली आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. (आसपास पेट्रोलचा वास असेल तर हे करायचं नाही, हेही मी मागं लिहायला विसरलो होतो.) ठिणगी पिवळट, मरतुकडी, तीही मधेच गायब. चांगली ठिणगी निळसर असते, तिचा टक् टक् आवाज येतो. मग स्विच बंद करून, फडकं घट्ट पिळून फक्त कॉइलवर गुंडाळलं. पंपाला हात लावला नाही, तो तसाच चटके देत होता. पाचेक मिनिटांनी फडकं काढून परत बघितलं: ठिणगी निळी. गाडी पहिल्या सेल्फला चालू!

पुढं मी एक शहाणपणा केला. नव्या कॉइलबरोबर चांगला चाललेला कंडेन्सरही काढून नवा घातला. दोन दिवसांत गाडी फटफटायला लागली. डेल्कोचं (पॉइंट ज्यात असतात तो डिस्ट्रिब्यूटर) झाकण काढलं तर पॉइंट जळून निळे-काळे. नवा कंडेन्सरच खराब निघाला. पॉइंट उघडताना तिथं होणारी ठिणगी गिळणं हे त्याचं काम, तेच तो करत नव्हता. डब्यातला जुना परत बसवला, पॉइंट नवे घातले, आजतागायत तक्रार नाही. 'एका वेळी एकच भाग बदला' असं मी लिहिलं होतं, ते वाचकांचा खर्च वाचावा म्हणूनच.

आता बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरीकडं बोट दाखवा. साडेदहाच्या वर राहूनही सेल्फ रडत असेल, तर वायरी आणि अर्थिंग बघा. एका मित्राच्या गाडीला नवी बॅटरी घालूनही सेल्फ उचलत नव्हता. आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला आणि चोकच्या नॉबला हात लावला, तर केबल गरम. इंजिन उतरवून रंगकाम झालं होतं आणि बसवताना इंजिन-बॉडीमधली अर्थिंगची पट्टी राहून गेली होती. सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या केबलीतून परत जात होता. पट्टी लावली, काम झालं. नव्या बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुमच्या गाडीला वाफच धरत असेल, मी नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की फडकं भिजवायच्या आधी तेवढा प्लग टेकवून बघा आणि ठिणगीचा रंग इथं लिहा. आणि एक सांगा, या पस्तीस वर्षांत कॉइल कधी बदललीय का?