भारताचा पुढचा कोच: काही घरगुती उपाय

भारतीय फुटबॉल संघ हरला की उशीर करू नका. शेवटची शिट्टी वाजून पाच मिनिटं गेली, की शेजारचा 'मी तर आधीपासून सांगत होतो' म्हणून मोकळा होतो, आणि मग तुम्हाला संध्याकाळभर त्याचीच री ओढावी लागते. वाक्य सोपं आहे: 'कोच बदला.' त्यासाठी मॅच पाहिलेली असलीच पाहिजे असं नाही, स्कोअर कळला तरी पुरतं. आणि चुकून जिंकलो असू, तर म्हणायचं, 'जिंकलो ठीक आहे, पण असं खेळून पुढे निभाव लागायचा नाही.' अर्थ तोच.

या कामाला भांडवल लागतं ते कच्च्या स्मरणशक्तीचं. आपले क्रोएशियन कोच इगोर स्टिमाच यांचंच घ्या. 2023 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला निघाला, तर स्टिमाचनी कडेला उभ्या उभ्या त्याच्या हातातला बॉल उडवला आणि लाल कार्ड खाल्लं. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'ह्याला म्हणतात जिगर.' आपण ती स्पर्धा जिंकलो, जुलैत फिफा क्रमवारीत 99 वर पोचलो, आणि त्या दिवसांत स्टिमाचबद्दल वावगं बोलणाऱ्याला चहाचे पैसे स्वतःचे स्वतः द्यावे लागत होते. पुढच्या जानेवारीत आशिया कपमध्ये तीन सामने, तीन पराभव आणि गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2. माणूस तोच, थ्रो-इन तोच, लाल कार्ड तेच. आता तुम्ही म्हणालात, 'ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो टीमवर काय ठेवणार?' अगदी बरोबर केलंत. दोन्ही वाक्यांच्या मधे सहा-आठ महिने जाऊ द्यावेत, एवढंच पथ्य.

जून 2024 मध्ये स्टिमाचना काढलं. मग भरपाईचं भांडण झालं आणि भारतीय फुटबॉल महासंघाला 4 लाख डॉलर मोजून ते मिटवावं लागलं. तेवढ्यात किती पोरांना बूट आले असते, असले हिशेब चारचौघांत काढू नयेत. रसभंग होतो.

हेच स्टिमाच संघ निवडताना खेळाडूंची नावं एका ज्योतिषाकडे पाठवत होते, असं 2023 च्या सप्टेंबरात पेपरात आलं, तेव्हा सगळीकडे हसू झालं. तुम्ही हसू नका. आपण खेळाडूंची मांडणी 4-3-3 की 3-5-2 यावर रात्र जागवतो, म्हणजे तरी दुसरं काय करतो? ग्रह तेच, नुसती घरं बदलून बघायची. ज्योतिषाने निदान फी घेतली असेल.

आता मुख्य प्रश्न: नाव कोणाचं पुढे करायचं? माझा सल्ला असा, की जो येण्याची सुतराम शक्यता नाही त्याचंच करावं. आलाच नाही तर तो हरणार कसा?

2025 च्या जुलैत महासंघाकडे कोचच्या जागेसाठी 170 अर्ज आले, आणि त्यात बार्सिलोनाचे माजी कोच झावी यांचाही आहे अशी बातमी एका शुक्रवारी फुटली. त्या संध्याकाळी आम्ही पाच जण मुंबईत कूपरेज मैदानाजवळच्या टपरीवर होतो. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी (यांनी मैदानात शेवटचा पाय ठेवला तो कॉलेजात असताना, आणि तोही मुरगळला) बाकड्यावर झावीचा संघ मांडायला घेतला. गोलकीपर म्हणून मिठाची बाटली. मागे ग्लुकोज बिस्किटं चार. मधे कटिंगचे तीन ग्लास, एक अर्धा भरलेला, कारण 'तो बॉक्स टू बॉक्स खेळणार'. दोन बाजूंना खारीचे तुकडे, विंगर. सगळं झालं आणि पुढे, स्ट्रायकरच्या जागी, ठेवायला बाकड्यावर काही उरलंच नव्हतं. आम्ही इकडेतिकडे पाहिलं. टपरीवाल्याने फडकं देऊ केलं. शेवटी काकांनी खिशात हात घालून एक झिजून गुळगुळीत झालेलं नाणं काढलं आणि पुढे ठेवलं. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांना कळलं. सुनील छेत्री. एकदा निवृत्त होऊन परत चलनात आलेला, चाळिशीचा.

झावीच्या पगाराचा प्रश्न आम्ही दहा मिनिटांत सोडवला: क्रिकेट बोर्डाने द्यावा. राहायची सोय वांद्र्याला. भाषेची अडचण नव्हती, कारण आपले खेळाडू कोणत्याही भाषेतलं ऐकत नाहीत यावर एकमत होतं. दुसऱ्या दिवशी महासंघानेच सांगितलं, की झावी आणि पेप ग्वार्दिओला या दोघांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. काका हळहळले. झावी गेला म्हणून नव्हे. 'ग्वार्दिओलाचाही होता होय? मग आपण उगाच झावीवर समाधान मानलं.'

तिथून गाडी 'देशी की परदेशी' या रुळावर येते. इथे बाजू घेण्याआधी सध्याचा कोच कुठला आहे ते पाहून घ्या आणि उलटी बाजू धरा. परदेशी असेल तर त्याला आपली माती कळत नाही, देशी असेल तर त्याला मातीपलीकडचं काही कळत नाही. स्टिमाचनंतर आलेल्या मानोलो मार्केझ यांच्या बाबतीत थोडी पंचाईत झाली, कारण ते स्पॅनिश होते खरे, पण भारतात मुरलेले होते. 2024-25 च्या मोसमात तर ते एफसी गोवाचेही कोच आणि भारताचेही. आपल्याकडे दुर्गम भागातल्या शाळेत एका गुरुजींकडे दोन वर्ग असतात, एकाला पाढे लिहायला बसवायचं आणि दुसऱ्याला कविता शिकवायची, तसा प्रकार. गोव्याच्या वर्गाचा निकाल चांगला लागला, सुपर कप आला. भारताच्या वर्गाने आठ सामन्यांत एक जिंकला, मालदीवविरुद्ध. शिलाँगला बांगलादेशशी 0-0. हाँगकाँगला तर जादा वेळेतल्या पेनल्टीवर हरलो. हे होईपर्यंत 'दोन नोकऱ्या एका वेळी कशा?' असं विचारणारा माणूस मला भेटला नव्हता. झाल्यावर भेटले ते सगळे आधीपासून विचारतच होते.

मग खालिद जमील. 1 ऑगस्ट 2025 ला नेमणूक झाली आणि मुंबईत आपल्या सगळ्यांची छाती फुगली. जन्म कुवेतचा, पण खेळले महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसीकडून, म्हणजे आपलाच माणूस. हा अभिमान जरूर बाळगा. फक्त खोलात जाऊ नका. हाच आपला माणूस वर्षानुवर्षं मुंबई एफसीचा कोच होता, तेव्हा कूपरेजला तिकीट काढून आपण किती वेळा गेलो, असं कुणी विचारलं तर फोन आल्याचं नाटक करा. पुढे तो मिझोरामला गेला आणि 2016-17 मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. त्याच मोसमात इकडे मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली, आणि पुढे क्लबच बंद झाला. त्या वेळी पुढचा कोच कोण यावर मुंबईत एकही भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

खालिद कमी बोलतात, हा त्यांचा मोठा दोष समजावा. बोलणारा कोच हरला तर निदान त्याच्या वाक्यांची चिरफाड करता येते. मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी ताजिकिस्तानला ताजिकिस्तानात हरवलं, पुढे ओमानला पेनल्टीत हरवून तिसरा क्रमांक आणला, आणि आठवडाभर आम्ही 'देशीच हवा होता' असं म्हणत फिरलो. पुढचं सांगतोच.

वादात अगदीच कोंडीत सापडलात, तर रहीमसाहेबांचं नाव घ्या. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. 1951 आणि 1962 ची एशियाडची सुवर्णपदकं, 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. तिथेच मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल ठोकले. हे म्हटल्यावर समोरचा गप्प होतो, कारण यापैकी काहीच त्याने पाहिलेलं नसतं. तुम्हीही नसतं. रहीमसाहेब 1963 साली गेले, त्यामुळे ते अर्ज करू शकत नाहीत, आणि उमेदवार म्हणून याहून मोठा गुण नाही.

दोन विषय मात्र टाळा. एक, महिला संघ. 5 जुलै 2025 ला चिआंग माईमध्ये त्यांनी थायलंडला 2-1 हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया कप गाठला. त्यांचे तेव्हाचे कोच क्रिस्पिन छेत्री. हे नाव काढलंत तर समोरचा 'कोण छेत्री?' म्हणतो आणि गाडी पुन्हा सुनीलवर जाते. दुसरा विषय लीगचा. 2025 मध्ये प्रत्येक कंपूत एक तरी असा रडका होता, जो मधेच विचारायचा, की जुलैपासून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, मोसम थांबलाय, आयोजकांशी महासंघाचा करार डिसेंबरात संपतोय, पोरं खेळणार कुठे? अशाला चहा आणायला पाठवा. करार, वेळापत्रक, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचेस, हे सगळं लांबलचक असतं आणि त्यात कुणाचा फोटो नसतो. कोचचा असतो.

मग आला ऑक्टोबर 2025. सिंगापूरशी सामना मडगावला, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, आणि आम्ही तिघे मुंबईहून गेलो. आपल्या छांगटेने पहिला गोल मारला तेव्हा माझ्या मित्राने समोर बसलेल्या अनोळखी माणसाचा मुका घेतला. मध्यंतराआधी बरोबरी झाली, नंतर सिंगापूरच्या त्याच खेळाडूने दुसरा मारला, आणि 1-2 वर 2027 च्या आशिया कपचं दार लागलं. बाहेर पडताना ज्याचा मुका घेतला होता तो माणूस मित्राकडे असा बघत होता, जणू गोल यानेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेस. थिवी यायच्या आत खालिदना घरी पाठवलं. सावंतवाडीपर्यंत एक क्रोएशियन चालला होता, पण 'पुन्हा भरपाई मागेल' म्हणून उतरवला. कुडाळला कटलेट आली आणि स्टीफन कॉन्स्टंटाइनचं नाव निघालं. कणकवलीला एक आजी चढल्या, पिशवी सीटखाली सरकवली, आणि डोळे मिटून आमचं सगळं ऐकत राहिल्या. आमचं चालूच होतं. हा पगार फार मागतो. तो तापट आहे, चारचौघांत भांडतो. त्याचं वय झालंय. परदेशातला नको बाबा, आज आहे उद्या नाही. इथलाच बघू, ओळखीतला. पण इथल्याची प्रगती काय आहे? कॉन्स्टंटाइन कसा, 2002 ला आला होता, तीन वर्षांनी गेला, 2015 ला परत आला, 2019 ला परत गेला, आणि बोलावलं तर आताही तयार आहे.

आजींनी डोळे उघडले.

'दोनदा सोडून गेलेलो? आणि परत तेकाच बघतास?'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मित्र म्हणाला, 'आजी, स्वभाव माहितीतला आहे ना, म्हणून.'

'पगार?'

'बरा आहे.'

'व्यसन?'

'बचावात्मक खेळवतो, तेवढंच.'

हे उत्तर आजींना पटलं नसावं, पण त्यांनी सोडून दिलं. वैभववाडी गेलं. पिशवीतून डबा काढत त्यांनी विचारलं, 'आणि चेडू? चेडू काय करता?'

खिडकीबाहेर भाताची कापणी चालू होती. मित्राने कटलेटचा शेवटचा तुकडा चटणीत फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाला, 'मुलगी सध्या घरीच असते, आजी. जुलैपासून कॉलेज बंद आहे.'

'मगे लग्नाची घाय कित्याक?'

त्यांनी आम्हा तिघांच्या हातावर एकेक खडखडे लाडू ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले. तो लाडू चावायला वेळ लागतो, त्यामुळे रत्नागिरीपर्यंत आम्ही गप्प होतो. चिपळूण सुटलं तसा मित्र माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, 'एखादा जपानी बघायचा का?' रोह्यापर्यंत आम्ही त्याचा पगार ठरवला. राहायची सोय यावेळी पवईला.