औषध फुकट मिळतं, पडायला जागा कुठे मिळते?

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला, एकदा तर सख्ख्या मावशीकडून. त्याचा सारांश असा: फुटपाथवरच्या आजारी माणसांची कीव करू नका. सरकारी दवाखाने फुकट आहेत, रात्रनिवारे आहेत, तरी ही माणसं जात नाहीत, कारण त्यांना तसंच राहायचं असतं. त्यातले वेडे पोलिसांनी उचलून कायमचे मनोरुग्णालयात टाकावेत. मदत केली की सवय लागते.

मी मुंबईत बेघर रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम करते. मावशीला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

‘दवाखाने फुकट आहेत.’ बरंचसं खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांचे पैसे लागत नाहीत. टीबीची औषधं तर देशभर मोफत आहेत. पण दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काय?

पुलाखाली राहणारे एक मामा आहेत. लग्नाच्या मांडवात भांडी घासायचं काम करायचे. साखरेमुळे पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. ऑपरेशन चांगलं झालं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं: पाय उंच ठेवा, जखम कोरडी ठेवा, एक दिवसाआड ड्रेसिंग करा, जेवण वेळेवर घ्या. दिवस जुलैचे होते. त्या कागदातली प्रत्येक ओळ घर आहे असं धरून लिहिलेली होती. इन्सुलिनची उघडलेली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण तापलेल्या काँक्रीटवर नाही. मामांची बाटली, सुया आणि केसपेपर एकाच पिशवीत होते. एका सकाळी फुटपाथ साफ करणारी गाडी ती पिशवी घेऊन गेली. दहा दिवसांनी त्याच पायाला पुन्हा पू झाला आणि तोच माणूस त्याच वॉर्डात परत. औषधाला एक रुपया लागला नव्हता, तरी सगळा उपचार वाया गेला.

टीबीचंही तेच. साध्या टीबीला सहा महिने गोळ्या लागतात. सकस खाण्यासाठी सरकार महिन्याला १००० रुपये देतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), पण ते बँक खात्यात येतात. खात्याला कागदपत्रं लागतात, आणि ती कुठे जातात ते वर सांगितलंच.

‘रात्रनिवारे आहेत.’ इथे नुसता हिशेब मांडते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२,४०० माणसांची सोय हवी. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. आणि जे निवारे आहेत तिथे स्वतः उठून संडासला जाऊ न शकणाऱ्या माणसाला ठेवून घ्यायला मला बहुतेक वेळा नकारच मिळाला. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. रात्री एक माणूस, तो झाडणार की जखमा बघणार? वृद्ध, अशक्त, मानसिक आजार असलेल्यांसाठी वेगळे निवारे काढावेत हे त्याच अभियानात लिहिलेलं आहे. ते काढणं राहिलंय.

‘त्यांना तसंच राहायचं असतं.’ हे लिहिणाऱ्याने परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर एक संध्याकाळ काढावी. दोन केमोंच्या मधले दिवस तिथे काढणारी कुटुंबं गावी शेती आणि घर मागे ठेवून आलेली असतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आधार देते, पण तिच्या खोल्या किती पुरणार?

नकार देणारी माणसंही असतात, खरं आहे. एक आजी तीन महिने मला ‘जा गं’ म्हणत होत्या. मागे एकदा त्यांना ओपीडीच्या रांगेतून वासामुळे बाहेर काढलं होतं, हे चौथ्या महिन्यात कळलं. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर बसलेल्यांपर्यंत स्वतः औषधं घेऊन जातात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी भीक सोडून काम धरलंय. दवाखाना माणसाकडे गेला की ‘यांना यायचंच नसतं’ हे कारण फार टिकत नाही.

‘वेडे कायमचे आत टाका.’ या वाक्याने मला सर्वांत जास्त त्रास झाला, कारण कायदा याच्या नेमका उलट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, भरकटलेल्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणं हेही पोलिसांचंच काम. बेघरांना हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. आणि केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं कलम १९ सांगतं.

हे जमतं का? डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनने कर्जतच्या केंद्रात उपचार करून हजारो माणसं त्यांच्या गावी, घरी नेऊन पोचवली. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला. उपचार लागू पडले की माणूस आधी गावाचं नाव सांगतो. ‘कायमचे’ म्हणणाऱ्याने त्या गावात वाट बघत बसलेल्या आईचा विचार केलेला नसतो.

‘मदतीने सवय लागते.’ मामांना कसली सवय लागली ते सांगते. पुलाजवळच्या चहावाल्याने त्यांची पिशवी आपल्या गाळ्यात ठेवायला जागा दिली आणि इन्सुलिनची बाटली माठाच्या गार कोपऱ्याशी. शेजारच्या केमिस्टकडचा पोरगा एक दिवसाआड ड्रेसिंग बदलतो. दुसऱ्या ऑपरेशननंतरची जखम दीड महिन्यात भरली. आता मामा चहावाल्याकडे कप विसळतात, आणि पिशवी अजून गाळ्यातच असते.