ट्राय अगेन म्हणे!

‘कनेक्शन फेल्ड. प्लीज ट्राय अगेन.’

अरे पण का फेल्ड? पासवर्ड चुकलाय? राउटर दिसत नाहीये? दिसतोय पण आत घेत नाहीये? काहीतरी बोल की बाबा! नुसतं ट्राय अगेन, ट्राय अगेन. पुन्हा करायचं ते नेमकं काय बदलून करायचं?

आई साताऱ्याला एकटी असते. मध्यंतरी आमच्या गल्लीत घरफोडी झाली, म्हणून पुढच्या दारावर लावायला वायफायचा कॅमेरा घेतला. खोक्यावर ऐटीत लिहिलंय, तीन मिनिटांत सेटअप. माझा अख्खा शनिवार-रविवार त्या तीन मिनिटांनी खाल्ला.

आधी अ‍ॅपचे नखरे. फोन नंबर द्या, ओटीपी द्या, मग लोकेशनची परवानगी द्या. आता आईच्या दारावरच्या कॅमेऱ्याला मी कुठे उभी आहे ते कशाला हवंय? खरं कारण असं, की अँड्रॉइड ६ पासून आजूबाजूचे वायफाय शोधायचे तर अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते. ठीक आहे, लागत असेल. पण हे अ‍ॅपने एका ओळीत सांगावं ना! परवानगी नाकारली तर ते गप्पच. समोर रिकामी यादी. माणसाला वाटतं राउटरच मेला.

मग ते क्यूआर कोडचं प्रकरण. फोनच्या पडद्यावर कोड येणार आणि तो आपण कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरायचा. थोडं जवळ, थोडं लांब, ब्राइटनेस वाढवा, ट्यूबलाइट बंद करा. मी स्टुलावर उभी, हात वर, आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बोलणारी ती बाई सारखी आपली ‘वेटिंग टू बी कॉन्फिगर्ड’. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, “अगं, कोण आलंय? आत घे की त्यांना.”

पहिलं कारण सापडलं तेही माझं मीच शोधलं. भाच्याने कौतुकाने वायफायचं नाव मराठीत ठेवलंय, ‘आजीचं घर’. नियमाने नावाला ३२ बाइट, म्हणजे साठवणीच्या ३२ जागा, मिळतात. देवनागरीचं एकेक चिन्ह (वेलांटी, अनुस्वारही वेगळे धरून) ३ बाइट घेतं, मधली मोकळी जागा १, म्हणजे हे नाव २२ बाइटमध्ये आरामात बसतं. फोनला चालतं, टीव्हीला चालतं. या कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये मात्र नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ज्या देशात माल विकता तिथली लिपी वाचता येत नसेल तर निदान तसं बोला तरी! नाव बदललं, इंग्रजी अक्षरांत केलं. भाचा रुसला. कॅमेरा तरीही फेल्ड.

कस्टमर केअरला फोन लावला. खूप वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला. “मॅडम, राउटर बंद करून चालू करा.” केलं. “मॅडम, कॅमेरा रिसेट करा.” सिमची पिन खुपसून तेही केलं. मग म्हणाला, “मॅडम, तुमचं ५जी असेल, त्यावर चालत नाही.” शेजारचे काका मदतीला आले होते. त्यांनी लगेच आपल्या मोबाइलचं ५जी बंद करून टाकलं. बिचाऱ्यांचा काय दोष? राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा (वायफायच्या लहरींचा एक प्रकार) आणि मोबाइलचं ५जी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण हे सांगायची तसदी ना त्या मुलाने घेतली ना अ‍ॅपने.

तर मूळ भानगड अशी. या स्वस्त कॅमेऱ्यातली चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चिप स्वस्त पडते आणि आमच्या घराच्या दगडी भिंतींमधून २.४ची लहर ५पेक्षा बरी पार होते. पण हल्लीचे फायबरचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. फोन त्यातल्या ५वर बसलेला, कॅमेऱ्याला हवा २.४, आणि हे असले कॅमेरे त्या सरमिसळीत गडबडतात. वर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर लावलेली, कॅमेऱ्याला येतं फक्त डब्ल्यूपीए२. हे खोक्यावर कुठे लिहिलंय? मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत, बारकोडच्या खाली, आणि तेही निम्मंच.

बरं, पट्टे वेगळे करायचे तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला हवं. त्याचा पासवर्ड फायबरवाल्याने बदललेला. तो म्हणतो, “ताई, नेट चालू आहे ना? मग आमच्याकडून ओके आहे, कॅमेरावाल्याला विचारा.” कॅमेरा विकणारा म्हणतो नेटवाल्याला विचारा. शेवटी फायबरवाल्याला आईच्या हातचा चहा कबूल केला, तेव्हा कुठे स्वारी आली. २.४ला वेगळं नाव दिलं, सुरक्षा डब्ल्यूपीए२वर आणली आणि कॅमेरा पहिल्या झटक्यात जोडला गेला.

मला खरा संताप कशाचा येतो सांगू? कारण कॅमेऱ्याला माहीत असतं! वायफायच्या ८०२.११ या मानकातच जोडणी का तुटली याचे नंबर ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, १५ नंबर म्हणजे राउटर आणि कॅमेऱ्यातली गुप्त चाव्यांची देवाणघेवाण वेळेत झाली नाही, आणि घरगुती वायफायवर याचा अर्थ बहुतेकदा पासवर्ड चुकला. त्या नावाचं नेटवर्कच सापडलं नाही, हे चिपला वेगळं कळतं. आत घेतलं पण राउटरने आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक, दिला नाही, हेही वेगळं कळतं. आणि कोणीतरी दीडशहाणा बसून या सगळ्याची एकच चटणी वाटतो, ‘ट्राय अगेन’. बरं, कॅमेरा मुका असता तर समजू शकले असते. याला स्पीकर आहे! बाई आहे आत! दिवसभर बोलतेय! तिच्या तोंडी ‘पासवर्ड चुकला आहे’ एवढं वाक्य घालायला काय सोनं लागत होतं?

सरकारने २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या करणारा आदेश काढला, २०२५च्या एप्रिलपासून तो लागूही झाला. उत्तम केलं, घरातलं चित्र कुठे जातंय हा साधा प्रश्न नाही. त्यातच एक कलम घुसवा: न जोडला गेल्यास कारण सांगणे बंधनकारक. मराठीत सांगितलं तर पेढे वाटीन.

आता कॅमेरा चालतो. म्हणजे लाइट जाईपर्यंत. लाइट आली की कॅमेरा झटकन जागा होतो, राउटर सावकाश उठतो. तोवर हा थोडा वेळ शोधतो आणि रुसून बसतो. मग आईने बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. इकडे पुण्यात माझ्या फोनवर नुसतं ‘डिव्हाइस ऑफलाइन’. का ऑफलाइन, पुन्हा तेच, सांगायचं नाही. आणि त्याच्या बरोब्बर खाली, स्वच्छ, ठसठशीत, एकही शब्द न गिळता: क्लाउड प्लॅनवर आजच सूट.