कुंपणातून सुटलेलं चितळ ‘कुणाचंच नसतं’ हे साफ चूक आहे

टेक्सासमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘चितळ, काळवीट, नीलगाय हे इथले प्राणी नाहीत, म्हणून त्यांना शिकारीचा कायदा लागू नाही. सीझन नाही, लायसन्स नको. रँचवरून पळालेला प्राणी तर कुणाचाच नसतो. दिसला की मारा.’ यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या आडून बाकीच्या चुका खपतात. हा मेसेज खरा मानून कुणी वागलं तर घरादाराला भोगावं लागेल, म्हणून लिहितोय.

खरं काय, तर खाजगी जमिनीवर या परदेशी प्राण्यांना राज्याने ना सीझन ठरवलाय, ना संख्येची मर्यादा. नीलगाय इथे १९३०च्या सुमारास किंग रँचवर सोडली गेली, चितळही त्याच काळातलं. जमीनमालकांनी आणलेली ही जनावरं, त्यामुळे स्थानिक हरणांचे नियम त्यांना लावले नाहीत.

पण सीझन नाही म्हणजे लायसन्स नको, असं नाही. परदेशी प्राण्यालाही शिकारीचा परवाना लागतोच, आणि २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. सूट आहे ती फक्त रानडुकरांना: सप्टेंबर २०१९पासून, खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने. मेसेज लिहिणाऱ्याने डुकराची सूट चितळाला चिकटवली आहे.

आता ‘कुणाचाच नसतो’. मागच्या हिवाळ्यात फ्रेडरिक्सबर्गच्या बाहेर, दिवेलागणीला, रस्त्याकडेच्या गवतात एक चितळ चरताना दिसलं. अंगावरचे ठिपके हेडलाइटमध्ये चमकत होते आणि डाव्या कानात पिवळा बिल्ला होता. पलीकडे आठ फुटी जाळी, एका खांबाशी उसवलेली. शेरीफच्या ऑफिसला फोन केला. तासाभरात मालक मक्याची बादली घेऊन आला, फाटक उघडलं आणि बादली खडखडवली. जनावर मुकाट आत गेलं.

इथला कायदा आपल्या कोंडवाड्यासारखाच आहे. पाळलेलं परदेशी जनावर सुटलं, तरी ते मोकाट गुरांच्याच कलमात येतं: शेरीफला कळवायचं, मालकाचा शोध घेतला जातो, तो खर्च भरून सोडवून नेतो. सुटलं म्हणून मालकी सुटत नाही. परदेशी प्राणी सार्वजनिक रस्त्यावरून किंवा त्याच्या कडेच्या सरकारी पट्टीतून मारणं, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मारणं आणि मालकाच्या संमतीशिवाय त्याचं धूड जवळ ठेवणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. सरकारी अभयारण्यात तर नियमच वेगळे. लागुना अटास्कोसात नीलगायीची शिकार होते, पण ठरलेल्या दिवशी आणि तिथला परवाना काढूनच.

काळविटाची शिंगं गावी नेण्याचा सल्लाही त्या मेसेजखाली कुणी दिलाय. भारतात काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहे. मालकीच्या दाखल्याशिवाय शिंग घरात सापडलं तर प्रकरण थेट वनखात्याकडे जातं.

सगळ्यात मोठा धोका मेसेजमध्ये नाहीच, आणि तो आपल्याच लोकांना आहे. एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत. मोजके अपवाद आहेत, आणि आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा त्यातला एकच: वैध शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे ‘लायसन्स नको’ ऐकून मित्राची रायफल हातात घेतली, तर मामला दंडाचा राहत नाही. १५ वर्षांपर्यंत कैदेचा केंद्रीय गुन्हा होतो आणि व्हिसाही पणाला लागतो. डुकरासाठी टेक्सास परवाना मागत नाही हे ऐकून बिनधास्त जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. राज्याने सूट दिली तरी केंद्राचा अपवाद परवान्यावरच टिकलेला आहे. व्हिसावर असाल तर डुकराला जातानाही परवाना काढा, आणि बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा.