विहीर राहिली, सातबारा आला

परवा रविवारी घणसोली गावातल्या एका गल्लीत मला परस्पर सरकारी साहेब करून टाकण्यात आलं आणि ती नोकरी अजून सुटलेली नाहीये.

नवी मुंबईत शेतीच्या ज्या काही जुन्या खुणा उरल्यात त्यांचे फोटो काढत फिरायचा मला नाद आहे. गावठाणातली दगडी विहीर, पायरीला बसवलेलं जातं, खळ्याच्या जागी झालेलं पार्किंग, असलं काय काय. खाडीकडचे बांध तर आता ओळखूही येत नाहीत. ही सगळी खारजमीन, मातीचे बांध घालून भरती अडवायची, मधे उघाडी नावाचं झडपेचं दार ठेवायचं म्हणजे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं पण खाडीचं आत येत नाही, आणि मग त्यात लाल दाण्याचं राता भात लावायचं. वाशी-बेलापूरचे होल्डिंग पाँड, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरणारे तलाव, साधारण याच तत्त्वावर चालतात. पण आमच्या सोसायटीत त्यांना ‘डच टेक्नॉलॉजी’ म्हटलं की माना डोलतात आणि इथले आगरी शेतकरी आधीपासून हेच करत होते म्हटलं की "अच्छा अच्छा" म्हणून लोक लिफ्टमध्ये शिरतात. राग येतो, पण असो.

तर विहीर. रहाटाचे दगडी खांब शाबूत, आत प्लास्टिक, वर जाळी. मी मोबाईल काढला तोच मागून आवाज, "सिडकोतून आलाव ना, साहेब?"

सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. मी नाही म्हटलं. मागे उभ्या आजोबांना ते पटलं नाही. "मोजनीवाला पन आधी नायच बोलतो." आणि गेले ते थेट फाईल घेऊन आले. सातबारा, फेरफार, वारसदाखला, कुठल्याशा अर्जाची पोच, सगळं विहिरीच्या कट्ट्यावर मांडलं, वर दगड ठेवले आणि म्हणाले, "यो पन काढा." मी काढला. "मागची बाजू." तीही काढली. साडेबारा टक्क्यांतला, म्हणजे शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचा तो प्लॉट अडकलाय, कारण सातबारावर नावं सत्तावीस आणि चुलतभाऊ सही देत नाही.

चुलतभाऊ समोरच्याच बिल्डिंगीत. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, बनियनवर, चहा पीत हे सगळं ऐकत होता.

"साहेब, त्याचा कागद धरू नका! हीर सामाईक हाय!"

"सही दे मंग!"

"आधी हीर नावावर कर!"

मी मधे. वरून एक, खालून एक, आणि दोघंही माझ्याशीच बोलतायत, एकमेकांशी एक अक्षर नाही. तेवढ्यात आजोबा आवाज खाली आणून म्हणाले, चौऱ्याऐंशीला मी पन होतो मोर्च्याला. इथे माझी गंमत जरा आटली. १९७० साली ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर कुठे हे साडेबारा टक्के आले. आणि आम्ही त्याच जमिनीवर टू बीएचके घेऊन ‘इथे पूर्वी काहीच नव्हतं हो’ म्हणतो. चांगलंय.

पण म्हणून भाऊसाहेबांनी खाली उतरून माझा मोबाईल तपासावा? विहिरीचे सगळे फोटो त्यांनी समोर उभं राहून डिलीट करायला लावले, ‘वादातली प्रॉपर्टी’ म्हणून. रिसायकल बिनमधले पण! माणूस लुंगीत, पण टेक्निकली एकदम पक्का. कागदांच्या फोटोंना मात्र हात लावू द्यायला आजोबा तयार नाहीत, ते पुरावा.

तर आता माझ्या गॅलरीत विहीर एकही नाही, दुसऱ्याच्या खानदानाचा सातबारा मात्र पाठपोट आहे. नंबर दोघांनीही घेतलाय. आजोबा रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली "साहेब कुठवर आलं?" विचारतात आणि काल भाऊंनी व्हॉइस नोट पाठवली, की त्यांच्याकडेही एक फाईल आहे, रविवारी येताना जरा उजेड असतानाच या.